आजी, तुझा बर्थडे कधी असतो?

"बाई, नमस्कार. मी पाटण तालुक्यातली. चौथीपर्यंत शिकले, पुढं शाळा सुटली. आमच्या वेळेला इंग्रजी पाचवीपासून असायचं, त्यामुळं ते माझ्या वाट्याला आलंच नाही. मुलगा-सून अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. नात येत्या २३ सप्टेंबरला सात वर्षांची होईल. मराठी तिला समजतं, पण बोलते इंग्रजीच. मागच्या रविवारी फोनवर तिनं विचारलं, 'आजी, व्हेन इज युअर बर्थडे?' बर्थडे एवढं मला कळलं, पण काय सांगावं ते सुचेना. दाखल्यावर १ जून १९६७ आहे. आई मात्र सांगायची की गौरी जेवल्या त्या दिवशी संध्याकाळी मी झाले, आणि कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तीन महिन्यांची तिच्या कुशीत होते. हे इंग्रजीत कसं सांगायचं? मला महिन्यांची इंग्रजी नावंसुद्धा धड येत नाहीत. शेवटी 'रेंज गेली' म्हणाले आणि फोन ठेवून दिला. रेंज होती. तेव्हापासून जिवाला लागून राहिलंय. या वयात मला वाढदिवसापुरतं तरी इंग्रजी येईल का?"
– एक आजी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं 'रेंज होती' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पाचवीला इंग्रजी शिकवलं. उत्तर येत असूनही शब्द न सापडल्यामुळं मान खाली घालणारी किती मुलं मी पाहिली, त्याची मोजदाद नाही. तुमचं तसंच झालंय. नातीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडं आहे, आणि ते फार सुंदर आहे. फक्त ते तिच्यापर्यंत पोचवायला दहा-बारा शब्द कमी पडतायत.

आधी त्या १ जूनचा विषय संपवू, कारण तुमची खरी अडचण तिथंच आहे असं मला वाटतं.

एके वर्षी पाचवीच्या वर्गात महिन्यांची नावं शिकवताना मी मुलांना म्हटलं, मी महिना पुकारेन, ज्याचा वाढदिवस त्या महिन्यात असेल त्यानं उभं राहायचं. जानेवारीला दोघं उठली, फेब्रुवारीला एक, मार्चला कुणीच नाही. जून म्हटलं आणि निम्मा वर्ग उभा! मुलं एकमेकांकडं बघून हसायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरात जूनमध्ये कुणीच झालेलं नाही, पण आजोबा, बाबा, आत्या, मी, सगळ्यांचा वाढदिवस १ जूनलाच असतो." त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जुनं जनरल रजिस्टर काढून बसले. पानामागून पान १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालायला ठरावीक वय पूर्ण झालेलं लागायचं, आणि घरच्यांना तिथी आठवायची, तारीख नाही. मग गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि पुढं १ जून लिहायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा झाला १९६९ साली. तुम्ही त्याच्या आधीच्या. तेव्हा तुमच्या दाखल्यावर १ जून असणं यात कमीपणा वाटावा असं काही नाही. महाराष्ट्रात तुमच्या बरोबरीच्या कितीतरी माणसांचं हेच आहे.

आणि इथं इंग्रजी भाषा तुमच्या मदतीला येते. आपण सरसकट 'जन्मतारीख' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, आणि दोन्ही तुम्ही ऐकलेले आहेत. 'डेट ऑफ बर्थ' ही कागदावरची, दिवस-महिना-साल असलेली. आधार कार्डावर, पासपोर्टवर, बँकेत, दवाखान्याच्या केसपेपरवर जी विचारतात ती. 'बर्थडे' म्हणजे वाढदिवस. दरवर्षी येतो, त्याला साल लागत नाही, आणि तो घरची माणसं सांगतात. उद्या मुलानं तुम्हाला तिकडं बोलावलं आणि व्हिसाच्या खिडकीत कुणी विचारलं, 'व्हॉट इज युअर डेट ऑफ बर्थ?' तर तिथं १ जून १९६७ हेच सांगायचं. सगळ्या कागदांवर तेच आहे आणि कागदाला कागद जुळला पाहिजे. पण नातीनं डेट ऑफ बर्थ विचारलीच नव्हती. तिनं बर्थडे विचारला होता. तो तुमच्या आईनं तुम्हाला सांगून ठेवलाय.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. त्याच्या तीन महिने आधी म्हणजे सप्टेंबर. मी पंचांगाचा हिशेब करून पाहिला: त्या वर्षीचा भाद्रपद सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला होता आणि गौरी दुसऱ्या आठवड्यात जेवल्या होत्या. तुमच्या आईची आठवण किती पक्की होती बघा! गावातल्या गुरुजींकडं किंवा एखाद्या जुन्या घरात १९६७ सालचं पंचांग निघालं तर नेमकी तारीखही मिळेल. ती मिळो न मिळो, महिना मिळालाच. तुम्ही सप्टेंबरच्या. तुमची नातही सप्टेंबरची.

म्हणून पहिलं वाक्य हे पाठ करा: 'माय बर्थडे इज इन सप्टेंबर.' माझा वाढदिवस सप्टेंबरात असतो. त्याला जोडून: 'युअर बर्थडे इज इन सप्टेंबर टू.' तुझासुद्धा. हा शेवटचा 'टू' म्हणजे 'सुद्धा'. हे ऐकल्यावर ती पोर फोनमध्ये काय ओरडते ते मला नक्की कळवा.

आता महिने. तुम्ही लिहिता की इंग्रजी महिने धड येत नाहीत. मला हे पटत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असणारच. बहुतेक घरांत 'कालनिर्णय' असतं, १९७३ पासून. त्याच्यावर दुधाच्या खुणा करता ना? गॅसची टाकी कधी लावली ते लिहिता, बचत गटाच्या हप्त्याची तारीख गोल करून ठेवता, एकादशी बघता. महिना संपला की पान उलटता, तेव्हा वर ठळक अक्षरांत काय लिहिलेलं असतं? तुमच्याही नकळत ही बारा नावं वर्षाला एकदा तरी तुमच्या हाताखालून जातात. ती ओळीनं म्हणता येत नसतील, तेवढंच. ओळीनं म्हणायला घोकंपट्टी हा एक रस्ता. माझा अनुभव असा, की घोकलेला महिना प्रश्न आला की पळून जातो. माणसाला बांधलेला महिना जात नाही.

तुमच्या सातारा भागात तर प्रत्येक महिन्याला बांधायला माणूस आहे. ३ जानेवारी म्हटलं की सावित्रीबाई, नायगावच्या, तुमच्याच जिल्ह्यातल्या. १९ फेब्रुवारी शिवजयंती, ती काही मी सांगायला नको. १२ मार्च यशवंतराव चव्हाण. कराडला प्रीतिसंगमावर गेला असाल. १४ एप्रिल बाबासाहेब. ३१ मे अहिल्यादेवी. २६ जूनला शाहू महाराज, २३ जुलैला टिळक, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे. २२ सप्टेंबर कर्मवीर भाऊराव, ज्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. २ ऑक्टोबर गांधीजी, १४ नोव्हेंबर नेहरू, म्हणजे बालदिन. डिसेंबरला २५ तारखेचा नाताळ. हे सगळे वाढदिवसच आहेत, आपण त्यांना जयंती म्हणतो एवढंच. शाळेतल्या भाषणांमुळं, मिरवणुकांमुळं, सुट्ट्यांमुळं या तारखा तुमच्या कानावर पन्नास वर्षं पडतायत. आणि हे लक्षात आलं का, की तुमची नात कर्मवीर जयंतीच्या दुसऱ्या दिवशीची आहे?

सप्टेंबरपासून पुढचे चार महिने कुणाला अवघड जातात, कुणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची उलटापालट करतं. त्यावर मी वर्गात एक गोष्ट सांगायची. पूर्वी रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मार्चपासून मोजलं की सातवा येतो सप्टेंबर, आठवा ऑक्टोबर, नववा नोव्हेंबर, दहावा डिसेंबर. त्यांच्या लॅटिन भाषेत सात, आठ, नऊ, दहा यांना सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम म्हणत. आणि आपण पूजेत काय ऐकतो? सप्त, अष्ट, नव, दश. सप्तपदी, अष्टविनायक, नवरात्र, दशमी. एकाच जुन्या घरातून निघालेले हे शब्द आहेत. पुढं वर्ष जानेवारीपासून धरायला लागले, सप्टेंबर नववा झाला, पण नाव सातवंच राहिलं. हे एकदा कळलं की हे चार महिने पुन्हा चुकत नाहीत. जुलै आणि ऑगस्ट तर राजकारणातल्या माणसांची नावं आहेत, ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस. तेही आपल्या जयंतीसारखंच झालं म्हणा.

उच्चाराचं फार मनावर घेऊ नका. मार्च, मे, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आपण म्हणतो तसे म्हटले तरी नातीला कळतील. एप्रिलही. फक्त तीन जरा वेगळे आहेत. जानेवारीला ती 'जॅन्युएरी' म्हणेल, फेब्रुवारीला 'फेब्रुएरी', आणि त्यातला 'र' तिकडं बरेच जण गिळतात, तेव्हा 'फेब्युएरी' ऐकू आलं तर गोंधळू नका. आपल्या 'जुलै'ला मात्र 'जुलाय' म्हणायची सवय करा, शेवटच्या 'लाय'वर जोर देऊन. 'जुलै' तिला पटकन ओळखू येणार नाही.

खरी मेहनत आहे ती तारखेच्या आकड्याची. आपण म्हणतो 'तेवीस सप्टेंबर'. आकडा साधाच ठेवतो. इंग्रजीत तारखेला पहिली, दुसरी, तिसरी असं म्हणावं लागतं, आपण तिथी म्हणतो तसं. द्वितीया, तृतीया, चतुर्थी म्हणताना आपण 'दोन', 'तीन', 'चार' म्हणतो का? नाही ना. अगदी तेच. फर्स्ट, सेकंड, थर्ड, ही पहिली तीन वेगळी आहेत, ती पाठच करायची. चौथ्यापासून सोपं: फोरचं फोर्थ, सिक्सचं सिक्स्थ, सेव्हनचं सेव्हन्थ, टेनचं टेन्थ. आकड्याच्या शेपटीला 'थ' लावत जायचं. वाकडी जातात ती दोन, पाचवी 'फिफ्थ' आणि बारावी 'ट्वेल्फ्थ'. हे दोन शब्द माझ्या वर्गातल्या हुशार मुलांच्याही तोंडात अडकायचे. दात खालच्या ओठावर टेकवून 'फ', मग जीभ दातांशी नेऊन 'थ', असं सावकाश दोन पावलांत म्हणा. दोन्ही एकदम म्हणायला गेलं की घोटाळा होतो.

विसाच्या पुढं आणखी एक गंमत आहे. आपल्या 'तेवीस'मध्ये तीन आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी: ट्वेंटी-थ्री. आपल्या माणसांचा आकडा फोनवर चुकतो तो इथं. म्हणून मोठी तारीख बोलताना मनात नोटा मोजा: आधी विसाची नोट, मग वरची चिल्लर. ट्वेंटी, आणि वर थर्ड. ट्वेंटी-थर्ड. 'पहिली-दुसरी' होणं हे फक्त चिल्लरीला लागतं, विसाला नाही. एकविसावी ट्वेंटी-फर्स्ट, बाविसावी ट्वेंटी-सेकंड, एकतिसावी थर्टी-फर्स्ट.

अमेरिकेत महिना आधी बोलतात आणि तारीख मागून. आपण आणि इंग्लंडचे लोक तारीख आधी म्हणतो, 'ट्वेंटी-थर्ड ऑफ सप्टेंबर'. नात म्हणेल 'सप्टेंबर ट्वेंटी-थर्ड'. तुम्ही कसंही म्हटलं तरी तिला कळेल. लिहिताना मात्र सावध राहा. समजा तुमच्या दाखल्याची तारीख तुम्ही १/६ अशी आकड्यांत लिहिली, तर तिकडचा माणूस ती ६ जानेवारी अशी वाचेल. नातीला खाऊचं पार्सल पाठवाल, वर चिठ्ठी लावाल, तेव्हा महिना अक्षरांत लिहा.

पाचवीच्या मुलांना जे शिकवताना माझी निम्मी वर्षं गेली, ते आता सांगते. इंग्रजीत कुठं 'इन' लावायचं आणि कुठं 'ऑन', यावर पोरं रडकुंडीला यायची. पुस्तकातले नियम सांगून झाले, तक्ते लावून झाले. मग एक दिवस लक्षात आलं की हा भेद आपल्या मराठीत आधीपासून आहे. आपण महिन्याला काय लावतो? 'सप्टेंबरात', 'जूनमध्ये'. आणि तारखेला? 'तेवीस तारखेला'. महिन्याला 'सप्टेंबरला' असं आपण सहसा म्हणत नाही, आणि 'तेवीस तारखेत' तर कुणीच म्हणत नाही. महिना ही खोली आहे, तिच्या 'आत' वाढदिवस असतो, म्हणून 'इन'. तारीख हा खुंटा आहे, वाढदिवस त्याला बांधलेला असतो, म्हणून 'ऑन'. जिथं तुमच्या तोंडात 'त' किंवा 'मध्ये' येईल तिथं 'इन', जिथं 'ला' येईल तिथं 'ऑन'. इन सप्टेंबर. ऑन सप्टेंबर ट्वेंटी-थर्ड. सणालाही 'ला'च लागतो, 'दिवाळीला', 'गौरीला', म्हणून 'ऑन गौरी डे'. सगळीकडं हा हिशेब बसेलच असं नाही, पण वाढदिवसाच्या बोलण्यात तो तुम्हाला पुरून उरेल.

म्हणजे तुमचं दुसरं वाक्य तयार झालं: 'आय वॉज बॉर्न ऑन गौरी डे.' मी गौरीच्या दिवशी जन्मले. यातल्या 'वॉज बॉर्न'ची फोड करत बसू नका, अख्खं उचला, नाकात नथ घालतो तसं अख्खं.

ती विचारेल, गौरी म्हणजे काय. हे तिला मराठीतच सांगा, तिला समजतं असं तुम्हीच लिहिलंय. माहेरवाशीण येते, पावलं काढतो, भाजी-भाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तुमच्याकडच्या पद्धतीनं सांगा. आणि हेही सांगा, की गौरी कधी ऑगस्टमध्ये येतात आणि कधी सप्टेंबरमध्ये, कारण आपला चंद्राचा महिना लहान. वर्षाला साधारण अकरा दिवस मागं सरकतो आणि मग अधिक महिना येऊन ते भरून काढतो. म्हणून तुमचे वाढदिवस दोन, एक तिथीनं फिरता आणि एक तारखेनं ठरलेला. सात वर्षांच्या मुलीला दोन वाढदिवस असणारी आजी म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे!

तिचं वय विचारताना 'हाऊ ओल्ड आर यू?' एवढंच. उत्तरात ती म्हणेल 'आय ॲम सिक्स' किंवा, वाढदिवस झाल्यावर, 'आय ॲम सेव्हन'. मराठीत आपण 'मला सात वर्षं पूर्ण झाली' म्हणतो, इंग्रजीत माणूस स्वतःच सात होतो. कुणी तुम्हाला वय विचारलं तर तुम्हीही 'आय ॲम' म्हणून नुसता आकडा सांगा. पुढं 'इयर्स ओल्ड' जोडायचं असेल तर 'इयर्स'मधला 'स' खाऊ नका.

शुभेच्छेचं तर तुम्हाला येतंच, 'हॅपी बर्थडे'. पुढं तिचं घरातलं लाडाचं नाव घ्या, दुसरं काही लागत नाही. तुम्हाला कुणी 'हॅपी बर्थडे' म्हणालं की 'थँक यू' म्हणायचं. आपल्याकडं दिवाळीच्या सवयीनं 'सेम टू यू' तोंडात येतं. ते सणाला शोभतं, वाढदिवसाला नाही. तुम्हा दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी निघाला तर मात्र खुशाल म्हणा. फोन करायचा राहूनच गेला आणि दिवस उलटला, तर 'बिलेटेड हॅपी बर्थडे'. आणि एक शब्द जपून वापरा: आपण लग्नाचाही वाढदिवस म्हणतो, इंग्रजीत लग्नाचा बर्थडे होत नाही. मुला-सुनेला 'हॅपी ॲनिव्हर्सरी' म्हणायचं.

केकवरच्या मेणबत्तीला 'कँडल' म्हणतात, हेही लागेल. कारण ती केक कापेल तेव्हा तुम्ही फोनच्या या बाजूला नुसतं बघत बसू नये असं मला वाटतं. तबक तयार ठेवा. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. फोन समोरच्या डब्याला टेकवून उभा करा, म्हणजे तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील आणि तबक तिला पूर्ण दिसेल. तिनं कँडल फुंकली की तुम्ही निरांजन लावा आणि पडद्यावरच्या त्या चेहऱ्याला ओवाळा. तिला सांगा: 'यू ब्लो आऊट द कँडल. आय लाइट द लॅम्प.' तू मेणबत्ती विझवतेस, मी दिवा लावते. 'ब्लो आऊट' म्हणजे फुंकून विझवणं, 'लाइट' म्हणजे पेटवणं. औक्षणाला इंग्रजी शब्द शोधू नका. 'औक्षण' हाच शब्द तिला द्या. तिच्या जिभेवर तो 'क्ष' बसायला वेळ लागेल, तुमच्या जिभेवर 'ट्वेल्फ्थ' बसायला लागतोय तसाच.

यावरूनच एक सुचवते. तुमचं पत्र जूनच्या शेवटी आलं. २३ सप्टेंबरपर्यंत बारा रविवार सहज मिळतात आणि महिने बाराच आहेत. दर रविवारी अदलाबदल करा. तिनं तुम्हाला एक इंग्रजी महिना म्हणून दाखवायचा, तुम्ही तिला एक मराठी. ती 'मार्च' म्हणेल, तुम्ही 'चैत्र' म्हणा. चैत्र मार्च-एप्रिलमध्ये येतो, भाद्रपद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हे कॅलेंडर समोर धरून दोघींनी मिळून बघा. तुमच्या शेतात त्या महिन्यात काय चाललेलं असतं ते तिला फोन फिरवून दाखवा. जुलैमध्ये चिखलात भाताची लावण चाललेली दिसली, की 'जुलाय' तिच्याही आणि तुमच्याही कायमचा ध्यानात राहील. एखादा शब्द अडला तर फोन ठेवू नका. 'वेट' म्हणा, थांब. वहीत बघा आणि सांगा. मुलं थांबतात हो. माझ्या वर्गात अडखळणाऱ्या मुलाला हसायचे ते बहुधा मोठेच, बरोबरीची पोरं पुढचा शब्द हळूच सांगायची.

वही करा, ही मात्र माझी आज्ञा समजा. नातीचं बोलणं तुम्हाला जसं ऐकू येईल तसं मराठी अक्षरांत लिहून ठेवा. इंग्रजी अक्षरं यायलाच हवीत असं काही नाही. बोलायला कान लागतो. पुढं वाटलं तर ए बी सी डीही शिकाल.

वाढदिवसाच्या दिवशी वेळेचं तेवढं सांभाळा. सप्टेंबरात आपण न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढं असतो. तुम्ही २३ तारखेला सकाळी सातला हौसेनं फोन कराल, तर तिथं २२ ची रात्र, साडेनऊ वाजलेले, आणि पोर झोपायला निघालेली. आपल्याकडं दुपारी साडेचारला फोन करा. तेव्हा तिथं २३ तारखेचे सकाळचे सात वाजलेले असतील, ती उठून बसली असेल, आणि सगळ्यांच्या आधी तिला हॅपी बर्थडे म्हणणारी तुम्ही असाल. केकच्या वेळेसाठी मुलाशी आधी बोलून ठेवा. केक संध्याकाळी कापणार असतील तर इथं मध्यरात्र उलटलेली असेल, आणि तुम्ही जागणार हे मला माहीत आहे.

पण त्या दिवसाची वाट बघू नका. येत्या रविवारी तुम्हीच फोन लावा आणि तिनं न विचारता सांगा, 'माय बर्थडे इज इन सप्टेंबर टू.' मागच्या वेळी फोन का ठेवला तेही मराठीत सांगून टाका. तिला कळेल.

पंचांगात नेमकी तारीख सापडली की मला एक कार्ड टाका. माझ्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पानावर २३ तारखेला मी तुमच्या नातीसाठी खूण केली आहे, तुमच्यासाठी दुसऱ्या आठवड्यात जागा ठेवली आहे.

तुमची,
बाई